रुसव्याचं माप

पाऊस पहाटे थांबला, तरी ढग काही इराणातल्या गिलानच्या भातखाचरांवरून हलायला तयार नव्हते. तूबा खानमनं बदकांना कोंडा टाकला, दोरीवरचे दमट कपडे पुन्हा आत घेतले आणि इस्पितळाची पिशवी खांद्याला अडकवली. घरात एक पोर कायमचं आजारी असलं की बाकीच्या भावंडांना ते कितपत झेपतंय, ते प्रश्न विचारून मापायचं, हे तिचं काम.

"लोकांच्या बायका कापड मोजतात, आमची रुसवे मोजते," नवरा चहा फुंकत म्हणाला.

"तुमचे मोजायला घेतले तर कागद पुरायचा नाही," म्हणत ती बाहेर पडली.

आज दोन लेकरांची आई असलेल्या अकरमच्या घरी जायचं होतं. अकरमच्या धाकट्याला, पूरियाला, थॅलेसेमिया. रक्त चढवायला सारखं रश्त शहरातल्या इस्पितळात न्यावं लागायचं. थोरली सोगंद दहाची. पोर वर्गात बोलेनाशी झालीय, असा शाळेतल्या बाईंचा निरोप होता. ज्यांना जड जातंय अशा भावंडांसाठी गुरुवारी त्याच इस्पितळात खेळ-गप्पांचा गट भरे. त्यात एकच जागा उरलेली. ती सोगंदला मिळावी असं तूबाला फार वाटत होतं, पण कागदावरच्या प्रश्नांची उत्तरं पोरीच्याच तोंडून यायला हवीत.

अकरमनं चहा, खडीसाखर, अक्रोड भरलेले गोड कुलुचे, सगळं मांडलं. सोगंद नवा रुमाल बांधून गुडघे जुळवून बसली.

"भावाचा राग येतो?"

"कधीच नाही."

"एकटं वाटतं?"

"कधीच नाही. कुलुचा घ्या ना, खाला."

"गुणाची आहे हो," अकरम म्हणाली.

तूबानं कपाळाला हात लावला. पाहुण्यापुढं कोण आपलं रडगाणं गाणार? तिनं कागद पिशवीत कोंबला, ओसरीवरची भिजवलेल्या बाकल्याची, टपोऱ्या वालाची, टोपली पुढं ओढली आणि दाणे सोलायला बसली. अकरम "अहो, राहू द्या" म्हणत राहिली, मग हरून चुलीकडं गेली. सोगंद शेजारी येऊन सोलू लागली.

"तू फार जाड सोलतेस गं."

"तुम्ही तर अर्धा दाणाच फेकताय."

दोघी हसल्या. मग खाली मान घालूनच पोर म्हणाली, "खाला, मी एकदा तोंडाला तांदळाचं पीठ फासलं होतं. पांढरी दिसले तर मलाही रश्तला नेतील म्हणून. त्याला तिथं कबाब मिळतो. आई दिवसभर त्याचा हात धरून बसते."

"मग?"

"आईनं बघितलंच नाही. मीच धुऊन टाकलं."

"राग येतो?"

"नेहमी. पण आईसमोर लिहू नका."

दारात भांडं वाजलं. अकरम उभी होती. तिनं पोरीकडं बघितलं, रुमालाच्या टोकानं नाक पुसलं.

"तरीच डब्यातलं पीठ कमी भरलं," ती म्हणाली. ती येऊन सोगंदला खेटून बसली आणि तिचा ओला हात धरून ठेवला. "खानम, लिहा तुम्ही. गुरुवारी मी स्वतः आणून सोडते हिला. बसमधून. आम्ही दोघीच."

"आणि कबाब?" सोगंदनं विचारलं.

"बघू."

तूबानं ओल्या बोटांनी कागद काढला, लिहिला, वाळत ठेवला. अर्धी टोपली अजून बाकी होती. तिनं पाय पसरले आणि पुढचा दाणा उचलला.