म्हैसूरला बांधलेली दोघांची सायकल

श्रीरंगने आपली सायकल भाच्याला देऊन टाकली, तेव्हापासून आमच्या सांगलीच्या घरात सायकलचा विषय बंद होता. काचबिंदूने त्याची, माझ्या नवऱ्याची, नजर हळूहळू गेली. आता उजेड-अंधार कळतो, समोर कोणी उभं राहिलं तर सावली दिसते, तेवढंच. रजा टाकून कोकणातले घाट सायकलने चढणारा हा माणूस रेडिओ लावून खुर्चीत बसून राहायला लागला.

मग एका मैत्रिणीने म्हैसूरच्या मोहनरावांबद्दल सांगितलं. गणिताचे निवृत्त शिक्षक, छंद म्हणून बांबूच्या सायकली बांधतात आणि कोणी आलं तर शिकवतातही. मी फोन केला. दोघांनी चालवायची, दोन सीटची सायकल होईल का? पलीकडून आवाज आला, "तसली केली नाय कधी. बन्नी, या तुम्ही. करून बघू."

"मी मागे बसणार नाही," श्रीरंग म्हणाला.

"बसू नकोस. बांधायला तर चल."

या अटीवर आम्ही निघालो. मिरजेहून म्हैसूरला थेट गाडी मिळते, पण ती रोज नसते, तेव्हा आरक्षण आधी करा आणि परतीचं लगेच करू नका. बांबूला घाई चालत नाही. पंधरवड्याची सवड ठेवलीत तर बरं. खर्च साधारण चांगल्या गिअरच्या सायकलीएवढा येतो, त्यातला बराचसा लोखंडी भागांवर. आम्ही मोहनरावांच्याच गल्लीत एका घराची वरची खोली घेतली होती. खाली मालकीणबाई सकाळी सेट डोसा करायच्या, त्यामुळे नाश्त्यासाठी कुठे शोधाशोध करावी लागली नाही.

मोहनराव आणि त्यांची बायको रेणुकाताई, दोघांच्याही घरच्या कितीतरी पिढ्या म्हैसुरातच गेल्या. मराठी बोलतात, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत कधी उतरेल याचा नेम नाही. पहिल्या दिवशी रेणुकाताईंनी दारातच विचारलं, "ऊट आयता? जेवण झालं का तुमचं?" नाही म्हटल्यावर आधी ताटं मांडली, मग ओळख झाली.

अंगणात पत्र्याच्या छपराखाली बांबू उभे होते. मोहनराव ते पिरियापट्टणकडच्या एका शेतकऱ्याकडून आणतात आणि कित्येक महिने सावलीत वाळवतात. लोखंडी नळ्या कडकोळच्या लेथवाल्याकडून कापून आणलेल्या. काम ऐकायला सोपं आहे: बांबू मापात कापायचे, टोकं कानशीने घासून एकमेकांत बसवायची, मग सांध्यांवर इपॉक्सी गोंदात भिजवलेले तागाचे धागे घट्ट गुंडाळायचे. सुकलं की पॉलिश पेपरने घासायचं. हातमोजे आणि मास्क न विसरता घाला. मी एक दुपार विसरले आणि मनगटावर पुरळ उठलं.

पहिला दिवस श्रीरंग नुसता बसून होता. दुसऱ्या दिवशी मी धागे गुंडाळत असताना त्याने सहज हात लावला आणि म्हणाला, "सैल गुंडाळतेस तू."

"मग तू गुंडाळ."

त्याने खुर्ची पुढे ओढली. मी धागा ताणून धरायची, तो फिरवायचा. संध्याकाळपर्यंत त्याने माझं काम तीनदा उसवलं. किती महिन्यांनी तो माझ्यावर असा कामावरून खेकसला होता! मला त्याचा राग यायला हवा होता. मी मात्र आत पाणी प्यायला गेले आणि रेणुकाताईंच्या स्वयंपाकघरात उभी राहून रडले. त्यांनी कॉफीचा एक पेला दोन वाट्यांत ओतला, एक मला दिली.

रंगाचं काम रेणुकाताईंचं. त्यांच्या माहेरी पूर्वी कापड रंगवायचा आणि छापायचा धंदा होता. तो कधीच बंद पडला, वडील पोस्टात लागले, त्या स्वतः विमा कंपनीत नोकरीला होत्या. पण रंग कालवायची हौस राहिली. सांगाडा तयार झाल्यावर त्यांनी श्रीरंगला विचारलं, "कुठला रंग देऊ सांगा."

"मला काय विचारता? मला दिसणार आहे का?"

मी दचकले. रेणुकाताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "आता दिसत नाय. पण इतकी वर्षं बघितलं की, अल्वा? हो ना? त्यातला एक सांगा."

मग तो म्हणाला, "आंब्याची कोवळी पालवी. अगदी नवी असते तेव्हाची. तांबडी नाही, तपकिरी नाही. उन्हात तिच्यातून उजेड येतो तसा."

त्यांनी रंग कालवला. श्रीरंगने मला विचारलं, "जमलाय का?" मी बघितलं आणि खरं ते सांगितलं, "विटेसारखा दिसतोय." तो हसला. मग तो सांगत गेला, त्या कालवत गेल्या, मी बघून बोलत गेले. थोडा पिवळा, किंचित जांभळा, नको, आता फार काळवंडला. जेवायची वेळ टळून गेली. शेवटी वाटीतला रंग बघून मी म्हटलं, "हाच." त्याने परत विचारलं नाही. सांध्यांना तो रंग लागला. बांबू तसेच ठेवले, नुसतं वॉर्निश.

सायकल उभी राहिली तेव्हा मागची सीट हाताने चाचपत तो म्हणाला, "गल्लीच्या टोकापर्यंतच."

गल्लीच्या टोकापर्यंतही गेलो नाही. मी पायडल मारलं, त्याचा पाय अजून जमिनीवर होता. दोघंही आडवे. माझा गुडघा सोलवटला, त्याचा तळहात. तो उठला, भिंत धरून उभा राहिला. "मला पोतं करून मागे टाकू नकोस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

मोहनरावांनी आधी सायकल तपासली, एकाही सांध्याला तडा नव्हता. मग माझ्याकडे वळले. "अक्का, तुम्ही बोलत नाय. त्यांना कळणार कसं? निधान, हळू चालवा, पण बोला."

मग मी बोलायला शिकले. निघतेय. थांबतेय. डावीकडे वळण. खड्डा. गाय. दोन दिवस गल्लीत आमची वरात निघत होती आणि समोरच्या ओट्यावरचे आजोबा गतिरोधक आला की माझ्याही आधी "हंप, हंप!" ओरडत होते.

निघायच्या आदल्या दिवशी पहाटे टी. नरसीपूरच्या रस्त्याला लागलो. पुढे नद्यांचा संगम आहे, पण आमची मजल वरुणा तलावापर्यंतच ठरली होती. शहर संपलं की दोन्ही बाजूंना ऊस आणि भात लागतो. पहाटेच जा, नंतर ट्रक आणि बस वाढतात. बांबूची सायकल खड्ड्यांचे धक्के खरंच गिळते, हे मला तिथे कळलं. मी सारखी बोलत होते: सुगरणीची घरटी, नारळाची गाडी, पाण्यावर धुकं. मध्येच तो म्हणाला, "आता जरा गप्प बस." मी गप्प बसले. त्याला वारा ऐकायचा होता.

पुढे लांबलचक उतार लागला. माझी बोटं आपोआप ब्रेकवर गेली.

"ब्रेक नको लावू," मागून आवाज आला.

"श्रीरंग, मला भीती वाटते."

"रस्ता मोकळा आहे?"

"आहे."

"मग सोड."

मी सोडला. डोळ्यांतून पाणी येईल इतक्या वेगाने आम्ही खाली आलो आणि पाठीमागे माझा नवरा मोठ्याने ओरडत होता. भीतीने नव्हे.

सायकल रेल्वेने पार्सल करून आणली. पॅकिंग दणकट करा आणि पार्सलच्या खिडकीवर गाडीच्या बऱ्याच आधी पोहोचा.

तुम्ही विचाराल, या सगळ्याने काय बदललं? नजर आली नाही. अजूनही काही सकाळी तो उठत नाही आणि मी दारात उभी राहून परत फिरते. आम्ही आठवड्यातून एक-दोनदा हरिपूरच्या रस्त्याला जातो, येताना भांडतो.

पण मागच्या रविवारी मी भाजी घेऊन आले, तर सायकल जागेवर नव्हती. शेजारीण म्हणाली, त्यांच्या ऑफिसातल्या सदाशिवला बोलावून घेतलं, त्याला पुढे बसवून गेलेत, कुठे ते सांगितलं नाही. मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. माझ्यापुरता चहा टाकला. दाराकडे कान न लावता बसून तो सावकाश प्यायले.