डॉक्टरांची बाराबंदी

आमच्या ह्यांना, म्हणजे डॉक्टर कृष्णकांतांना, शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं. शर्टाचं बटण तुटलं तरी मलाच हाक. जन्म गेला चंदीगडच्या हॉस्पिटलात लोकांची पोटं शिवण्यात. मग उजव्या हाताला बारीक कंप सुटला आणि कुणी सांगायच्या आत यांनी स्वतःच ऑपरेशनं थांबवली. त्यानंतर नुसते खुर्चीत बसून. टीव्ही लावलेला असायचा, पण बघायचे नाहीत. मला तर धडकीच भरली होती.

अशात इथल्या महाराष्ट्र मंडळाचं शिवजयंतीचं नाटक ठरलं. आयटी पार्कमधला परीक्षित मावळा होणार होता. त्याचे भाड्याचे चकचकीत कपडे पाहून हे भडकले. "मावळे काय सॅटिन घालून गड चढायचे? बाराबंदी मी शिवतो. हातानं. त्या काळी मशीन होतं का?"

म्हटलं चला, निदान खुर्चीतून उठले तरी! मनीमाजऱ्याच्या बाजारातून जाडंभरडं सुती कापड आलं. जुनी चित्रं बघून बेतणं झालं आणि डायनिंग टेबल अडकलं. आम्ही जेवायचं मांडीवर ताट घेऊन! मी जरा डोकावले की, "वसुधा, लांब." एकेक टाका सुटा, प्रत्येकाला वेगळी गाठ, मग कात्री. हात थरथरायचा, म्हणून कोपर टेबलाला टेकवून शिवायचे. पण गुणगुणायला लागले होते. खोटं कशाला सांगू, मी देवापुढे साखर ठेवली.

परीक्षित घालून बघायला आला. बंद बांधले. पोरगं काय रुबाबदार दिसलं! "काका, क्या बात है!" म्हणत त्यानं तलवार उपसल्यासारखा हात वर केला आणि काखेपासून खांद्यापर्यंत शिवण उसवली. गाठी शाबूत होत्या, कापडाच्या कडेचेच धागे निघून आले होते.

मी आतून उलटून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, शिवणीबाहेर कापडाची माया कुठे सोडलीत? कडेला कड लावून शिवलंय सगळं!"

"कडेला कडच लावतात," हे म्हणाले. "नाहीतर जखम भरत नाही."

"कातडी भरून येते हो. कापड कसं भरून येणार?"

परीक्षितला हसू आवरेना. मीही हसले. हे हसले नाहीत. सुई डबीत ठेवली. "हात गेला माझा. भाड्याचंच आण," म्हणाले आणि जाऊन खुर्चीत बसले.

मग मात्र माझं डोकं सणकलं. "हाताला कशाला नावं ठेवता? एक तरी टाका तुटलाय का, बघा! चूक बेतण्यातली आहे. आतून पट्टी लावली की झालं. पेशंट टेबलावर टाकून असे घरी निघून यायचात का कधी?"

मी उरलेल्या कापडाच्या पट्ट्या फाडायला बसले. मुद्दाम, त्यांना ऐकू जातील अशा, टराटरा. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दिसू नये म्हणून मान खाली घातली होती.

थोड्या वेळानं खुर्ची वाजली. हे आले, चष्मा चढवला, उसवलेल्या खांद्यावर वाकले. माझ्याकडे न बघताच उजवा हात पुढे केला, तळवा वर. थरथरत होताच.

"सुई."

असा हुकूम एरवी मी ऐकून घेतला नसता. त्या दिवशी मुकाट्यानं दोरा ओवला आणि सुई त्यांच्या हातात दिली.