दंडावरचं नाणं

घरात आम्ही दखनी बोलतो, पण माझं रडणं-भांडणं सगळं मराठीत चालतं. म्हणून अम्मीचं बोलणंही इथं मराठीतच लिहिते आहे.

नांदेडला अन्न तंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मला व्हिएतनामचं वेड लागलं. वर्गातल्या बाकीच्यांना पुणं पुरत होतं. एका सीनियर ताईनं सांगितलं, "तिकडं रोज नवा कारखाना निघून राहिलाय, शिकाऊ पोरं लागतात त्यांना." झालं. मिरी, काजू, कॉफी, जे जे तिथं पिकतं आणि डब्यात भरलं जातं, त्या सगळ्या कंपन्यांना मी मेल धाडत सुटले. बहुतेकांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी मसाल्याच्या एका कारखान्यानं फोनवर मुलाखत ठेवली. होस्टेलमध्ये रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. वाळत घातलेल्या चादरींच्या आड बसून मी मिरीतल्या ओलाव्याबद्दल इंग्रजीत बोलले, आणि कुणी मोटर चालू करू नये म्हणून माझी रूममेट खाली बटणापाशी पहारा देत उभी राहिली. सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. सरांनी पेढे मागितले आणि मग हळूच विचारलं, "तिकडं खाणार काय तू?"

उदगीरला आमच्या गल्लीत ही बातमी माझ्याआधी पोचली. अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती ऐकवली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लई लांब हाय का गं ते? दुबईच्या बी पल्याड?" अम्मीनं मात्र लोणचं भरलं, चटणी कुटली आणि तिथं उकाडा असतो हे कितीदा सांगूनही बॅगेत स्वेटर कोंबला.

निघायच्या सकाळी तिनं माझ्या उजव्या दंडावर इमाम जामिन बांधला. आमच्याकडची ही जुनी रीत. कापडात नाणं गुंडाळून प्रवाशाच्या दंडाला बांधायचं, त्याला इमामाच्या हवाली करायचं, आणि तो सुखरूप पोचला की ते नाणं तिथल्या कुणा गरिबाला द्यायचं. गाठ मारताना अम्मीचे ओठ हलत होते. ती काय मागतेय, हे विचारायची मला गरज वाटली नाही.

हैदराबादला खालाकडे, म्हणजे अम्मीच्या बहिणीकडे, मुक्काम होता, दुसऱ्या दिवशी विमान. जेवायला बसलो आणि कंपनीतल्या बाईंचा फोन आला. ऑर्डरी अचानक कमी झाल्यात, या वर्षी शिकाऊ मुलं घेणार नाही, माफ करा. त्या फार प्रेमानं बोलल्या, त्याचाच मला जास्त राग आला. बॅगेवर डोकं ठेवून मी ढसाढसा रडले. दंडावर इमाम जामिन तसाच होता. प्रवास झालाच नाही तर त्याचं काय करायचं, हे खालालाही ठाऊक नव्हतं. "घरी जाईपर्यंत राहू दे," ती म्हणाली.

बिदरवरून येणाऱ्या गाडीनं उदगीरला परतले. अम्मी दारातच उभी होती. मी उंबरठा ओलांडायच्या आधीच तिनं माझी बाही वर केली, गाठ सोडली, आणि मशिदीच्या पायरीवर बसणाऱ्या म्हातारीला नाणं देऊन आली.

"सुखरूप पोचलीस," ती म्हणाली.

"कुठं पोचले?"

"घरी."

तिचे डोळे ओले होते, पण चेहरा उजळला होता. तो चेहरा मला सहन झाला नाही.

"तू हेच मागितलं होतंस ना?"

तिनं नाही म्हणावं म्हणून मी थांबले.

"हाव," ती म्हणाली. "मागितलं."

त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. इंटर्नशिप मी नांदेडजवळच्या एका लोणच्याच्या कारखान्यात उरकली. डिग्री हातात आली, आणि तिकडचे कारखाने इंटर्नशिपला शिकणारीच मुलं घेतात, तेव्हा व्हिएतनामचा विषय कायमचा संपला. मग लातूरला एका डाळमिलच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. लातूरला जायला कुणी इमाम जामिन बांधत नाही. तरी निघायच्या सकाळी मी अम्मीसमोर बाही वर करून उभी राहिले. राग गेला नव्हता, पण तिच्या हातची गाठ मला हवी होती.

अम्मीनं पेटीतून कापड काढलं, नाणं गुंडाळलं आणि अब्बांच्या हातात दिलं.

"तुम्ही बांधा," ती म्हणाली. "माझी दुआ लई लवकर कबूल होते."

अब्बांना गाठ नीट जमली नाही. लातूरच्या स्टँडवर उतरेपर्यंत ती सुटत आली होती. ते नाणं मी अजून कुणाला दिलेलं नाही. फोनवर अम्मी दर वेळी विचारते, "दिलंस का?"

"देते," मी म्हणते. पोचल्यावर द्यायचं असतं ते, आणि मी अजून पोचले कुठंय.