शेवटच्या चार ओळी

सोमवारी सकाळी बाई गेल्या. लातूरहून त्यांच्या भावाचा मला फोन आला. दुपारी दोनच्या आधी मला केळीच्या गाड्यावर पोचायचं होतं.

बाईंनी नांदेडमध्ये सव्वीस वर्षं प्रौढ शिक्षण केंद्र चालवलं. मशिदीमागच्या गल्लीत दोन खोल्या होत्या. दुपारी दोन ते चार बायकांचा वर्ग भरे, कारण त्याच वेळेला त्यांना घरातून आणि कामातून उसंत मिळे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. शनिवारी वर्गाला पुस्तकं नेऊन देई, एवढाच माझा संबंध.

बाईंजवळ एक पोस्टकार्ड असे. त्याच्या मधोमध एका शब्दापुरती खिडकी कापलेली. बायका धडा ऐकून ऐकून पाठ करत आणि घडाघडा म्हणून दाखवत. मग बाई ते कार्ड पानाच्या मध्येच कुठेतरी ठेवत. म्हणत, "तोंडाचं पुरे झालं. आता डोळ्यांनी वाच."

त्या निवृत्त होणार म्हणून आम्ही सत्कार ठरवला. मानपत्र मी लिहिलं. माझ्या आयुष्यात मी इतकं जपून काही लिहिलेलं नाही. पत्रिका वाटून झाल्यावर बाईंनी अट घातली. "मानपत्र माझ्या वर्गातली बाई वाचेल. नाहीतर मी येत नाही."

वाचायला तयार झाली ती एकच. अर्धापूरची, पन्नाशीची, बसस्टँडजवळ केळीचा गाडा लावणारी. वर्षभरापूर्वी वर्गात आली होती. साधा धडा ती वाचायची, पण माझी वाक्यं चार-चार ओळींची होती. तीन दिवस आम्ही पहिल्या परिच्छेदातच अडकलो. मजकूर सोपा करून पुन्हा लिहिता आला असता. पण फ्रेम तयार होती, छपाई सुंदर आली होती. मी म्हणालो, "आपण पाठ करून टाकू."

"बाईला कळंल, सर."

"एवढ्या गर्दीत नाही कळणार."

"तुमी बाईला वळखत न्हाई," ती म्हणाली. पण पाच दिवसांत तिनं सगळं पाठ केलं.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं होतं. तिची सून आणि दोघी विहिणी पुढच्या रांगेत होत्या. वर्गातल्या बायका एका बाजूला. ती माईकसमोर उभी राहिली, फ्रेम छातीशी धरली आणि सुरू झाली. एकदाही अडखळली नाही. पाहुणे माना डोलवत होते. मी मात्र बाईंकडे बघत होतो. त्यांची नजर तिच्या तोंडाकडे नव्हती, डोळ्यांकडे होती. आणि तिचे डोळे फ्रेमच्या वरून समोरच्या भिंतीवर लागले होते.

बाईंनी मांडीवरचा नारळ खाली ठेवला. अंगावरच्या शालीसकट उठल्या, माईकपाशी आल्या. पर्समधून पोस्टकार्ड काढून त्यांनी फ्रेमच्या काचेवर ठेवलं.

"हे वाच."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तिकडं काय बघतेस? सरांच्या तोंडावर लिहिलंय का?"

बायकांच्या रांगेतून हसू फुटलं आणि लगेच थांबलं. प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. सुनेनं मान खाली घातली होती. मला उठून सांगता आलं असतं की ही चूक माझी आहे. मी बसून राहिलो.

"नि... र... निरक्षर," ती म्हणाली.

बाईंनी कार्ड पुढे सरकवलं. मग दुसरा शब्द, तिसरा. एका शब्दावर ती इतकी थांबली, की मागून कुणीतरी तो हळूच सांगितला. बाईंनी मान वर करून तिकडं नुसतं पाहिलं. त्यानंतर कुणी ओठ हलवले नाहीत. दोन ओळी झाल्या.

"बस. आज एवढंच. बाकीचं सोमवारी," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या.

खाली उतरताना त्यांनी मला विचारलं, "सर, मानपत्र लिहिलं कुणाला वाचायला?"



निवृत्तीनंतर त्या लातूरला भावाकडे राहायला गेल्या. मानपत्र त्यांनी नेलं नाही. पोस्टकार्डासकट तिलाच देऊन टाकलं. दर सोमवारी दुपारी दोनला ती गाड्यावरून फोन लावी आणि दोन ओळी वाची. मी एकदा तिथं उभा होतो. फोनमधून बाई विचारत होत्या, "वाचून राहिलीस, का पाठ म्हणून राहिलीस?"

"वाचून, बाई. गिऱ्हाईकाला इचारा."

त्या सोमवारी मला पोचायला पाच मिनिटं उशीर झाला. फ्रेम केळीच्या घडांना टेकवून ठेवली होती, कार्ड हातात होतं.

"सर, बाई फोन उचलून न्हाई राहिल्या."

मी सांगितलं. ती स्टुलावर बसली. एक गिऱ्हाईक आलं, थांबलं, निघून गेलं. मी म्हणालो, "राहिलेलं मला वाचून दाखवा."

"तुमचंच लिव्हल्यालं हाय, सर. चुकलं तर तुमीच पुढचं सांगताल."

मानपत्र तिच्या गाड्याखालच्या पेटीत आहे. पोस्टकार्ड त्याच्यावर ठेवलेलं आहे. शेवटच्या चार ओळी वाचायच्या राहिल्या आहेत.