ओढ्याकाठची वेणी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही नाही. या सदरातले अनुभव वाचून मी पुष्कळदा हसलेही आहे. पण हे माझ्याच बाबतीत झालं... आणि त्याची भीती मला कधी वाटली नाही, म्हणून सांगते.

एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासची गोष्ट. माझं नवीन लग्न झालेलं, सासर चिंचवडला. आमचे हे पिंपरीत नव्यानं सुरू झालेल्या कारखान्यात लागले होते. फोटोचा भारी नाद. दिवाळीच्या सुट्टीत मित्राचा बॉक्स कॅमेरा मागून आणला आणि आम्ही दोघं भीमाशंकरला निघालो. चाकण, खेड करत एसटी जिथं सोडायची, तिथून पुढं रानातली चढण पायी.

वाटेत एक ओढा लागला. जांभळींची इतकी गर्द सावली, की भरदुपारी पाणी काळं दिसत होतं. चढताना माझा अंबाडा सुटला होता, केस पाठीवर मोकळेच. हे म्हणाले, "त्या दगडावर बस. उजेड कमी आहे, मी सांगेपर्यंत हलू नकोस." आणि पलीकडच्या काठावर कॅमेरा नीट टेकवण्यात गुंतले.

मी बसले. तेवढ्यात कुणीतरी मागून माझे केस हातात घेतले.

हे तर समोर होते — मला दिसत होते. बोटं केसांतून फिरली, पेड पाडले आणि गुंफायला लागली. मान मागं जाईल इतकं घट्ट. असं ओढणारं एकच माणूस मला ठाऊक होतं. मी परकरी पोर असताना माझी आई गेली. तिचा एकही फोटो नाही, चेहरा मी केव्हाच विसरले होते. हात विसरले नव्हते. मागं वळावंसं फार वाटलं... पण वळले तर हात थांबतील, म्हणून वळले नाही.

"झालं," हे म्हणाले. मागं पाहिलं तर नुसती झाडं. आणि माझ्या पाठीवर चौपेडी वेणी.

"ही कधी घातलीस?" यांनी विचारलं.

घरी सासूबाईंनी वेणी हातात धरून पाहिली. "कुनी घातली गं? आपल्यात तर कुनाला येत न्हाई असली."

"आईनं," माझ्या तोंडून गेलं. त्यांनी नुसता पाठीवरून हात फिरवला.

फोटो धुऊन आला. माझ्यामागं काळी सावली, दुसरं कुणी नाही. भिंग लावून किती वेळा पाहिलं. फक्त माझी मान किंचित मागं ओढलेली.

पुढं चिखलीहून माझे वडील, आबा, आले. आई गेल्यापासून त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं. मी काही न सांगता फोटो पुढं केला. फोटोतल्या माझ्या मागं ओढलेल्या मानेवर त्यांचं बोट थांबलं. मग म्हणाले, "एवढी घट्ट नगं ओढू, म्हनायचो मी तिला. ऐकायची न्हाई." आणि जरा वेळानं, "मला तिथं न्हेशील का?"

आम्ही दोघांनी नेलं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते त्याच दगडावर बसले. ऊन कललं तरी काही झालं नाही. मी हाक मारली, "आबा, चला."

"तुमी व्हा म्होरं," ते पाठमोरेच म्हणाले. "मी बसतो अजून जरासा."

त्या दुपारी काय झालं होतं, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. आबांनी तो कधी मागितलाही नाही. शेवटपर्यंत, दिवाळी सरली की एवढंच विचारायचे, "वड्याला पानी आसंल का गं अजून?"