झुंबरबाईची गाडी

दिवाळी सरली तरी वडिवळ्यावरचं आभाळ निवळत नव्हतं. त्या सकाळीही ढग डोंगरावरून खाली उतरले होते. झुंबरबाईनं बैलांच्या पाठीवरचं दव फडक्यानं पुसलं, गाडी जुंपली आणि भिमाजीच्या खळ्याकडं हाणली. सुगीत भाताची पोती कामशेतच्या गिरणीला पोचवायची, हा तिचा धंदा.

धंदा मुळात नवऱ्याचा. तो गेल्यावर भावकी म्हणाली, गाडी विकून टाक. हिनं उलटंच केलं. लाकडी आस झिजला होता. गळ्यातली बोरमाळ मोडून कामशेतच्या अल्लाउद्दीन लोहाराकडून लोखंडी आस बसवून घेतला. "वहिनी, सोनं गळ्यात व्हतं तवा हलकं वाटलं असंल," तो हसला होता, "आता बैलांना इचारा किती वजन हाय ते."

बैलांनी वजन ओढलं. घोडं पेंड खाई ते खळ्यावर. रास पडलेल्या खळ्यात विधवेनं पाऊल घालायचं नाही. त्यामुळं गाडी बांधाबाहेर उभी राही आणि गडी पोती डोक्यावरून आणत. इतर गाड्यांच्या दोन खेपा होत, तेव्हा हिची एक. एका खेपेत बैलांची पेंडसुद्धा भागत नव्हती. सोमाटण्याचा एक जण गाडी विकत मागून गेला होता. अल्लाउद्दीनपाशी निरोप ठेवा, म्हणाला होता.

खळ्याची राखण भिमाजीच्या आईकडं, धोंडाबाईकडं. म्हातारी स्वतः विधवा. नवरा गेल्यापासून तीही आत शिरली नव्हती. बांधावर घोंगडी टाकून तिथूनच सगळ्यांना शिव्या घाली.

गडी पहिली पोती उचलतात न उचलतात तोच गडगडलं. आता डोक्यावरून वाहत बसायला सवड नव्हती. भिमाजी धावत आला.

"दे कासरा हिकडं, मी घेतो गाडी आत."

बैलांनी पाय रोवले. भिमाजीनं ओढलं, ढकललं, शेपट्या पिरगाळल्या. बैल जागचे हलेनात.

"सासऱ्याची बैलं वाटली व्हय रं तुला?" धोंडाबाई खेकसली. मग झुंबरबाईकडं न बघताच म्हणाली, "जा गं, तूच घाल आत."

झुंबरबाईनं कासरा घेतला, पण हलली नाही.

"आज घालते, आत्याबाई. पर उद्या पुन्यांदा बांधावर हुबी करनार असाल तर न्हाई जमायचं. एका खेपंवर गाडी ठेवू कशी? इकावीच लागंल."

टपोरे थेंब पडू लागले.

"आये, बोल की लवकर! मोड येतील भाताला!"

"यू दे रोज आत," म्हातारी म्हणाली. "पर राशीकडं पाठ करून हुबी ऱ्हा म्हनावं."

"व्हय, आत्याबाई."

झुंबरबाईनं वहाणा बांधावर काढल्या आणि आत पाऊल टाकलं. बैल न हाकलता मागून आले. ती राशीकडं पाठ करून उभी राहिली. गड्यांनी पोती रचली, वर घोंगड्या टाकल्या.

"चाकं राशीला लावू नगंस गं!" धोंडाबाई बांधावरून ओरडत होती.

कामशेतला पोती उतरवून ती अल्लाउद्दीनच्या भट्टीवर थांबली. "सोमाटण्याच्या मानसाला सांगा, गाडी द्यायची न्हाई."

"बरं," तो म्हणाला आणि भाता ओढू लागला.

घरी येईस्तोवर पाऊस उघडला होता. तिनं बैल सोडले, पेंढा टाकला आणि पाटी घेऊन गोठ्यातलं शेण भरायला बसली.