वाशीमच्या टॉकीजात अमेरिकेचा कापूस

मी वाशीमच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, त्याच वर्षी तिथल्या बँकेत पुण्याकडचे एक साहेब बदलून आले. अंगानं काटकुळे, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि सिनेमाचं असं वेड की पासबुक घेऊन आलेल्या माणसालाही ते विचारायचे, "तुम्ही शेवटचा चांगला सिनेमा कोणता पाहिलात?" माणूस गांगरून जायचा. पैसे काढायचा हा नवा नियम असेल असं त्याला वाटायचं.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथं साहेबांनी फिल्म सोसायटी काढली. डॉक्टर, दोन वकील, कॉलेजातले काही प्राध्यापक आणि मी, एवढेच सभासद. दिवाळी झाली आणि एके दिवशी साहेब सायकलवरून थेट शाळेत आले. आनंदानं त्यांना धाप लागली होती.

"बाई, महोत्सव मिळाला आपल्याला! अमेरिकन चित्रपट! मोठ्या कंपन्यांचे नव्हेत हं. तरुण मुलांनी उसना कॅमेरा घेऊन, पदरमोड करून काढलेले. काही माहितीपटही आहेत. मुंबईहून निघालेत, गावोगाव फिरतायत. तीन दिवस आपल्याकडे. आणि मराठीत समजावून सांगणार तुम्ही!"

"मी?"

"इंग्रजीच्या शिक्षिका तुम्ही. आणखी कोण?"

मी बी. ए. झाले होते खरी, पण माझं इंग्रजी पुस्तकातलं. जिवंत अमेरिकन माणूस मी कधी ऐकला नव्हता. तरी 'हो' म्हणून बसले. लाऊडस्पीकरवर बोलायला मिळणार, हा मोह काही आवरला नाही.

टॉकीजच्या शेठजींनी सकाळची वेळ दिली. दुपारी त्यांचे नेहमीचे खेळ. साहेबांनी कुठून तरी लहान प्रोजेक्टर मिळवला, हॉलच्या मधोमध टेबलावर मांडला. तो चालू झाला की शिवणयंत्रासारखा खर्रर्र आवाज यायचा. मी पडद्याशेजारी खुर्ची टाकून, हातात माईक धरून बसले.

पहिल्या दिवशीचा सिनेमा दोन भावांचा होता. त्यांची मोटार रस्त्यात बंद पडते आणि ते ती दुरुस्त करत बसतात. दुरुस्त करता करता बोलतात. इतकं बोलतात, आणि सगळं नाकातून! मला अक्षर कळेना. थोरला भाऊ बराच वेळ हातवारे करून बोलला, थांबला. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी माईकमध्ये म्हणाले, "तो नाराज आहे."

मागून वकीलसाहेब ओरडले, "बाई, एवढं बोलला अन् फक्त नाराज?"

"खूप नाराज आहे," मी म्हणाले.

हॉल हसून हसून लोळला. शेठजी दारात उभे होते. ते म्हणाले, "यात गाना कुठी हाय? फाइट कुठी हाय? नुस्ता गॅरेज हाय!" साहेब मात्र अंधारात डोळे पुसत होते. त्यांना तो सिनेमा फार आवडला होता.

दुसऱ्या दिवशी माझी माय आली. आमचं गाव अनसिंगच्या पलीकडं. वडील बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या पहिल्या लोकांतले. पोरगी शिकलीच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि तो हट्ट निभावला मायनं, लोकांच्या शेतात कापूस वेचून. आपली पोरगी इंग्रजी शिकली म्हणजे नेमकं काय झाली, हे मात्र तिला कधी उमगलं नव्हतं. बाजाराला म्हणून ती एस. टी.नं आली आणि खोलीला कुलूप पाहून विचारत विचारत टॉकीजवर पोचली. मी तिला पुढच्या रांगेत, डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. ती आधी खुर्चीच्या कडेवरच टेकली.

"नीट टेकून बस ना माय."

"काहून? मोडली तं?"

दिवे मालवले. माहितीपट सुरू झाला. पडद्यावर पांढरंशुभ्र रान. मला कळायच्या आत माय उभी राहिली.

"अवो बाप्पा! हे तं पराटी हाय!"

पराटी म्हणजे आमच्याकडं कपाशीचं झाड. अमेरिकेच्या दक्षिणेतलं कुठलंसं खेडं होतं ते. एक म्हातारी काळी बाई लाकडी घराच्या ओसरीवर बसलेली. जन्मभर कापूस वेचलेली. दोन पोरं कॅमेरा घेऊन तिच्याकडे आलेली, आणि ती त्यांना आपली कहाणी सांगतेय. मी कान टवकारले. दर चार शब्दांतला एक कळत होता. तेवढ्यात म्हातारीनं कमरेवर हात ठेवला आणि काही बोलली.

"कंबर दुखते म्हनून राह्यली," मायनं मोठ्यांदा सांगितलं.

मग म्हातारी पोरांकडे बघून हसत काही बोलली. त्यातल्या एका पोराचे केस खांद्यापर्यंत होते.

"सून हाय थे तिची," माय म्हणाली. "कामाची नाई म्हन. नुस्ती बसून राह्यते."

"माय, तो मुलगा आहे! सिनेमा काढणारा!"

"मुलगा? मंग केस काहून नाई कापत?"

डॉक्टरांना ठसका लागला. साहेबांनी आधी "शू:" केलं, पण प्रोजेक्टरच्या उजेडात मला दिसलं, तेही तोंडावर रुमाल धरून हसत होते. त्यानंतर मी आणि मायनं मिळूनच सिनेमा सांगितला. मला कळलेलं मी सांगायची, तिला दिसलेलं ती सांगायची, आणि दोन्ही जुळलं नाही तर हॉल मत द्यायचा.

एका ठिकाणी म्हातारी जुन्या दिवसांबद्दल बोलली. ते मला बऱ्यापैकी समजलं. मी माईक बाजूला ठेवून मायच्या कानात सांगितलं, "यांच्यासाठी पाण्याचे नळ वेगळे होते माय. शाळा वेगळ्या. गाडीत बसायच्या जागा वेगळ्या."

माय पुढं वाकली. पडद्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग इतकी हासते कशी वो थे?"

"तू हसतेस तशीच."

तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. जोरात. आणि मग खुर्चीत पहिल्यांदा पाठ टेकून बसली.

खेळ संपला. माय निघाली ती जाहीर करूनच. "उद्या आमच्या वेचनाऱ्या बाया आनीन. साऱ्याच आनीन. हे बाई दाखवा त्याईले."

"आण ना!" मी म्हणाले. त्या नशेत मी चंद्रसुद्धा दाखवायला तयार झाले असते. मायची एस. टी. धूळ उडवत गेली आणि मागून साहेबांचा आवाज आला.

"बाई, त्या फिल्मचे डबे स्टेशनवर पाठवले मी. दुपारच्या गाडीनं पुढच्या गावाला जायचेत."

आणि उद्या माय साऱ्या बाया घेऊन येणार! मग आम्ही दोघांनी एकदमच टांगेवाल्याला हाक मारली.

मीटरगेजची गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती, म्हणून डबे अजून फलाटावरच दिसले. पार्सलबाबू टेबलावर पाय ठेवून वर्तमानपत्र वाचत होते. आमचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बुक झालेलं पार्सल आहे. सिनेमाच आहे ना? दुसरा दाखवा."

"असा दुसरा नाही हो," मी म्हणाले.

"असं काय आहे त्यात?"

मला एवढंच हवं होतं. मी पदर खोचला आणि तिथंच फलाटावर सुरू केलं. म्हातारी कशी बसते, कंबर कशी धरते, हसताना कशी अख्खी हलते, लांब केसांच्या पोराची आमच्या मायनं कशी सून केली. शाळेतल्या पोरांनी पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला वर्गात शिरता आलं नसतं. गाडीची वाट बघणारे लोक जमले. एक म्हातारबाबा गाठोडं खाली ठेवून उकिडवे बसले. बाबूंचे पाय कधीच टेबलाखाली आले होते.

"अन् एक दिवस," मी म्हणाले, "तिच्या रानात कापूस वेचायचं यंत्र येतं. हत्तीएवढं. म्हातारी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते..."

आणि मी थांबले.

"मग?" बाबू म्हणाले.

"मग काय झालं वो बाई?" म्हातारबाबा म्हणाले.

"ते उद्या सकाळी टॉकीजात!"

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि खदखदून हसले. पाठवणाऱ्यानं लिहून दिलं तर पार्सल दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं पाठवता येतं, हे त्यांना तेव्हा आठवलं. साहेबांनी उभ्या उभ्या लिहून दिलं आणि पुढच्या गावाला तार केली. परत येताना टांग्यात डबे आमच्या मांडीवर होते. साहेब शीळ घालत होते. बँकेचा माणूस भर बाजारातून शीळ घालत चाललेला वाशीमनं बहुधा पहिल्यांदाच पाहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी टॉकीजसमोर बैलगाड्या येऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडं त्यांना बंड्या म्हणतात. मध्यरात्र उलटताच निघाल्या होत्या. त्यांतून बायाच बाया उतरल्या. आमच्या वस्तीतल्या, शेजारच्या आळीतल्या, कडेवर लेकरं, हातात भाकरीची फडकी. काहींनी कापूस भरायची ओटी तशीच कमरेला बांधलेली, कारण परतताना कुणाच्या तरी रानात उतरायचं होतं. माय सगळ्यांच्या पुढं. शेठजींचं तोंड उघडंच राहिलं.

"ये सब अमेरिकन पिक्चर देखेंगे?"

"त्या बाईले भेटाले आल्या," माय म्हणाली आणि आत शिरली.

पार्सलबाबूही आले, आणि येताना स्टेशनवरच्या चहावाल्याला घेऊन आले. डबे उघडले, खर्रर्र सुरू झालं. पांढरं रान दिसताच असा कल्ला झाला की माझा माईक कुणाला ऐकूच गेला नाही. "बोंड पाह्य, केवढं हाय!" "ओटी नाई बांधली, पोतं वढून राह्यली!" मग ते यंत्र आलं. हत्तीएवढं, तांब्यासारखं लाल. दोन ओळी एकदम गिळत गेलं. काही बायांचे हात कमरेच्या ओटीवर गेले. मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला.

"मंग बायाईनं काय करावं?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. पडद्यावरच्या म्हातारीनं यंत्र पुढं जाऊ दिलं, ओच्यासारखा कापडाचा तुकडा धरला आणि त्याच्यामागून हळूहळू चालायला लागली. यंत्रानं सोडलेली बोंडं वेचत. कॅमेऱ्याकडे वळून ती काही बोलली आणि देवाची कृपा, या वेळी ते मला शब्द न् शब्द कळलं. मी उठून ओरडले, "ती म्हणते, एवढं मोठं यंत्र, पण याला नीट वेचता येत नाही!"

टाळ्या, शिट्ट्या, हसणं. एका बाईनं तर फडकं हवेत उडवलं, आणि भाकरी वकीलसाहेबांच्या मांडीवर पडली. पुढं म्हातारी त्याच कापसाची, जुन्या कपड्यांच्या ठिगळांची गोधडी शिवते. आमच्याकडं तिला वाकळ म्हणतात. ती वाकळ बघून बायांनी टाक्यांवर चर्चा सुरू केली आणि नेमकी तेव्हाच फिल्म तुटली. दिवे लागले. साहेब चिकटपट्टी शोधू लागले. तेवढ्या वेळात बायांनी पडद्यासमोर फुगडी धरली. मायनं मलाही ओढलं. मी फिरत होते, टॉकीज फिरत होतं, डॉक्टर फिरत होते.

खरी मजा तर पुढंच होती. त्या दिवसाचा ठरलेला सिनेमा अजून बाकी होता. शहरातलं एक जोडपं, स्वयंपाकघरातलं त्यांचं भांडण. बाया उठायला तयार नव्हत्या, म्हणून तोही लावला. बराच वेळ काही घडेना. मग नवरा उठला, बाह्या सरसावल्या आणि मोरीशी उभा राहिला.

"अवो माय!" कुणीतरी किंचाळलं. "नवरा भांडे घासून राह्यला!"

मी तसा हशा परत कधी ऐकला नाही. बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. "पुन्हा दाखवा! सायेब, पुन्हा!" साहेबांनी प्रोजेक्टरचा खटका फिरवला आणि सिनेमा उलटा पळायला लागला. नवऱ्याच्या हातातलं स्वच्छ ताट खरकटं होऊन परत गेलं. तो उलट्या पावलांनी खुर्चीवर जाऊन बसला.

"हे खरं!" माय ओरडली. "आता खरा नवरा झाला!"

शेठजी भिंतीला धरून हसत होते. "ये पिक्चर चलेगा," ते म्हणाले, "पण उल्टाच चालवा."

साहेबांची बदली झाली आणि सोसायटी मिटली. पण त्या वर्षी वेचणी संपेपर्यंत आमच्या गावात जो नवरा बायकोवर ओरडायचा, त्याला बाया विचारायच्या, "काहून दादा, अमेरिकेले पाठवू काय?"

आणि माय? तिची अमेरिकेत एक ओळख झाली ती झालीच. पुढं कित्येक वर्षं, मी सुट्टीला घरी गेले आणि अवकाळी पाऊस आला, की ती दारात उभी राहून आभाळाकडं बघायची आणि मला विचारायची, "तुले इंग्रजी येते ना वो पोरी, मंग सांग बरं, तिकडं तिची पराटी भिजली असन काय?"

"नाही माय," मी म्हणायची, "तिकडं आज ऊन आहे."

"मंग बरं हाय," म्हणत ती चुलीपुढं जाऊन बसायची.